गोदाआत्याचा समुद्र

लेखन हा माझा प्रांत नव्हे, आणि हे मी केवळ रीत म्हणून म्हणत नाही. माझा उभा जन्म देवासच्या शाळेत दुसऱ्यांनी लिहिलेले शिकविण्यात गेला. मुलांच्या निबंधांत तांबड्या शाईने जे दोष मी दाखवीत आलो, ते सारे येथे माझ्याच हातून होणार हे मला ठाऊक आहे. पेन्शनीत निघालेल्या शिक्षकाने गप्प बसावे, फार तर नातवंडांकडून पाढे म्हणवून घ्यावेत. असे असूनही मी लिहावयास बसलो, याबद्दल हे ज्याच्या हाती पडेल त्या वाचकाने मला क्षमा करावी. ज्या माणसांना ही हकीकत ठाऊक होती ती एकेक करून गेली, आणि जी उरली आहेत त्यांना ती आठवावीशी वाटत नाही. माझ्यापाशी मात्र ती दरसाल या दिवसांत येऊन बसते.

परवापासून टेकडीवर पश्चिमेचा वारा सुरू झाला आहे. आखातीज, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन गेली की माळव्यात हा वारा येतो. तोवर दुपारी नुसत्या झळा असतात. काळ्या शेतांना भेगा पडलेल्या, विहिरींचे दगड उघडे पडलेले, आणि सगळे गाव दारे लोटून अंधारात पडलेले. मग एखाद्या दिवशी रस्त्यावरची धूळ एकाएकी उलट दिशेने धावू लागते. बाजारातली तट्टे फडफडतात. आमच्या दाराशी टांगा उभा करणारा म्हातारा आकाशाकडे पाहून म्हणतो, "मास्टरसाब, हवा फिर गई." एवढेच. पाऊस अजून लांब असतो, ढगाचा पत्ता नसतो. फक्त वारा फिरलेला असतो. लोकांना त्याने हायसे वाटते. मला वाटत नाही. हा वारा समुद्रावरून निघतो, सारा गुजराथ ओलांडतो, धारच्या तळ्यांवरून येतो, आणि येथे पोहोचेपर्यंत त्यात मिठाचा कणही उरत नाही. तरीही तो आला की माझ्या जिभेवर खारट चव येते, आणि पाठोपाठ लिंबाची.

लिंबाची चव येते, कारण आयुष्यात एकदाच मी शिडाच्या नौकेतून समुद्रावर गेलो, आणि त्या प्रवासातला बराच वेळ नौकेच्या तळाशी आडवा पडून, तोंडात लिंबाची फोड धरून घालविला.

आमचे मूळ घर धारचे. वडील दरबारच्या फडात कारकून होते. त्यांची थोरली बहीण गोदाआत्या हिला लहानपणीच देवासला दिली होती, आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपलाही होता. केशवपन झालेली, तांबडे आलवण नेसणारी ही बाई मग जन्मभर दिराच्या घरी राहिली. दीर भाऊसाहेब हे थोरल्या पातीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. देवास हे एकच गाव असून त्याला दोन राजे, दोन कचेऱ्या. त्यामुळे प्रत्येक मोठ्या घरात आपले ते थोरले, हे सिद्ध करण्याची एक धडपड सतत चाललेली असे. भाऊसाहेबांच्या घराचा मोठेपणा देवीच्या नवरात्रात दिसे. नऊ दिवस पाने उठत, आणि देवीचा नैवेद्य गोदाआत्याच्या हातचा असे. पहाटे विहिरीवर स्नान करून ओलेत्याने ती चुलीपुढे बसे. त्या वेळी भाऊसाहेबसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारीत, "वहिनी, आत येऊ का?" वर्षाचे बाकीचे दिवस तिला कोणी काही विचारीत नसे. त्या चुलीपुढची जागा हीच काय ती तिची जहागीर होती. हे मला तेव्हा कळत नव्हते; देवासच्या शाळेत शिकवू लागून मला सात-आठ वर्षे झाली होती, तरी पुस्तकातल्या राज्यांपलीकडे दुसरी राज्ये असतात हे मला माहीत नव्हते.

भाऊसाहेबांचा मुलगा श्रीधर तेव्हा तीन वर्षांचा. त्याला मोठा ताप आला आणि उतरला. तापात कुलस्वामिनीला नवस बोलला होता. ती देवी कोकणात, समुद्राला लागून असलेल्या एका खाडीवरच्या गावी. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या त्या घरातल्या कोणी ते गाव पाहिलेले नव्हते. संकल्पात त्याचे नाव तेवढे उच्चारले जाई. भाऊसाहेबांना कचेरी सोडवेना. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच जाऊन या. शाळेला सुट्टी आहे, तुमचा भाचा सोबत येईल." आत्याने पदर सावरून मान हलविली. परंतु निघण्याच्या दिवशी टांग्यात बसताना तिने मला हळूच विचारले, "अरे, वाटेत समुद्र लागतो का रे?"

"लागतो म्हणजे? देवी समुद्राकाठीच आहे."

"मग दिसेल म्हणतोस?"

मी भूगोल शिकवीत असे. मी तिला खंडव्यापर्यंत समुद्र या विषयावर व्याख्यान दिले. तिने ते ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "तू पाहिलास का?" मी पाहिलेला नव्हता.

मुंबईस माझे बापूमामा राहत. कापसाच्या पेढीवर ते कारकून होते, आणि शिडे हा त्यांचा नाद होता. पेढीतल्या एका पारशी गृहस्थाची लहानशी शिडाची नौका होती. तिला तो ‘यॉट’ म्हणे, मामा ‘पोरगी’ म्हणत. पावसाळ्याआधी अशा नौका एखाद्या आडोशाच्या खाडीत नेऊन वाळूवर ओढतात आणि नारळीच्या झापांनी झाकून ठेवतात. ती नेण्याचे काम मामांनी हौसेने पत्करले होते, आणि खाडी नेमकी देवीच्या गावाची. शनिवारी पहाटे निघायचे, रात्री वाटेतल्या एका बंदरात थांबायचे, रविवारी संध्याकाळी पोहोचायचे.

आत्या कचरली. तेव्हा मामा म्हणाले, "गोदाताई, आगबोटीत गर्दीत चेंगरून जाल. तुमचे सोवळे धक्क्यावरच संपेल. माझ्या पोरीत मी, तुमचा भाचा आणि तांडेल, एवढेच."

"आणि बुडाली तर?"

"तर सोवळ्यातच जाल. चहूकडून पाणीच पाणी!"

आत्या हसली. धारच्या घरात काय, देवासच्या घरात काय, मी तिला तोंडावर पदर न घेता हसताना पाहिले नव्हते.

त्या दोन दिवसांचे सलग असे मला फार थोडे आठवते. पहाटेचा जमिनीवरून येणारा गार वारा आठवतो. त्याने शीड भरले तेव्हा दोर कुरकुरले, आणि मुंबईचे दिवे मागे सरकू लागले. तांडेल हा एक उंच, कमी बोलणारा कोळी होता. आत्या नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, आपली धाबळी पसरून बसली. तो म्हणाला, "बाय, पुढं भिजशाल."

"भिजू दे. मी रोज ओल्या वस्त्रातच असते."

पुढे सूर्य वर आला, लाटा लांबट झाल्या, आणि माझे भूगोलाचे ज्ञान मला सोडून गेले. मामांनी मला तळाशी निजवून तोंडात लिंबू दिले. "मास्तर, मुलांना सांगा, पृथ्वीचा तीन चतुर्थांश भाग असा असतो," असे म्हणून ते खदखदा हसले. आत्याने प्रवासात शिजलेले काही घेतले नाही. राजगिऱ्याचा लाडू आणि घरून आणलेल्या तांब्यातले पाणी एवढ्यावर ती होती. तरीही चौघांत तरतरीत तीच दिसत होती. तिची पाठ मला खालून दिसे. दर लाटेला ती पाठ वर जाई, आकाशाला टेके, आणि खाली येई.

रविवारी दुपारी वारा फिरला. समुद्रावरून जोराचा येऊ लागला. पुढे पाण्यात खडक होते म्हणून तांडेलाने नौका बरीच बाहेर घेतली. वैशाखातला तो धुरकट उजेड मला आजही दिसतो: पाणी आणि आकाश एकाच राखेच्या रंगाचे, मध्ये रेघ नाही. नौकेतले बोलणे थांबले होते. शिडाचा आणि पाण्याचा आवाज तेवढा होता. मी मान उचलून पाहिले तो आत्याच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे गेला होता. तिचे ते उघडे, पांढरे डोके मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. कोणीच पाहिलेले नसावे, वपन करणाऱ्या न्हाव्याखेरीज. मी संकोचून नजर वळविली. पुन्हा पाहिले, तरी पदर तसाच होता. तिने तो ओढला नव्हता. तिने चहूकडे पाहिले, आणि कोणाला उद्देशून नव्हे अशी म्हणाली, "इथे कोणीच नाही."

मग ती वाकली आणि घरून आणलेली तांब्याची लोटी तिने समुद्रात बुडवून भरून घेतली.

माळव्यातल्या आमच्या घरांत यात्रेहून येणाऱ्याने तीर्थ आणावयाचे असते. नर्मदेला गेलेला नर्मदा आणतो, काशीला गेलेला गंगा. आत्या समुद्राला गेली होती, तिने समुद्र आणला. तिला यात काहीच विपरीत वाटले नाही. मामांनीही पाहिले. ते हसून म्हणाले, "ताई, ते खारट आहे." ती म्हणाली, "देवाला चवीचे काय?"

नवस फेडून आम्ही परत आलो ते घाटाने, बैलगाडीतून. नौका वाळूवर चढली होती. सबंध वाटेत ती लोटी आत्याच्या मांडीवर होती, तोंडाला लाख लावून बंद केलेली.

देवासला तिचे कौतुक झाले. शेजारची माळवी बाई तर रोज ऐकायला येई. "क्यों बई, समुंदर कित्तो बड़ो है? अपणा तलाव जैसो?"

"अगं, तलाव कुठला! समुंदरला अपने सब तालाब आचमनाला पण पुरणार नाहीत."

"तो डर नी लाग्यो?"

"डर कोणाचा? तिथे कोणी होतेच नाही."

श्रीधरच्या नावाने पूजा झाली, लोटीची लाख फोडली, आणि पूजा सांगणाऱ्या शास्त्रीबुवांच्या हातावर तीर्थ पडले. त्यांनी ते ओठाला लावले आणि तोंड वाकडे केले. "हे कुठले?" आत्याने मोठ्या आनंदाने सांगितले. "काठावरचे गढूळ नव्हे. अगदी आतले, जिथे किनारासुद्धा दिसत नव्हता तिथले स्वच्छ पाणी मी घेतले."

मी तेथेच होतो. शास्त्रीबुवांनी पळी खाली ठेवली.

हे शास्त्रीबुवा दुष्ट नव्हते. हे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. दोन दिवसांनी त्यांनी भाऊसाहेबांच्या ओसरीवर बसून, शक्य तेवढ्या सौम्यपणे, आपले मत सांगितले. किनारा दृष्टीस असेतो तो प्रवास नदीतल्यासारखाच. त्याला दोष नाही. किनारा दृष्टीआड झाला की ते समुद्रगमन. मग त्या हाताचा नैवेद्य देवीला चालणार नाही. कोकणातल्या माणसांनी हे ऐकले असते तर पोट धरून हसली असती. तेथे सासरमाहेर होडीने चालते. पण आम्ही डोंगराआतली माणसे. समुद्र आमच्या घरात फक्त पोथीतून आला होता.

बाहेर पश्चिमेचा वारा वाहत होता. आत्या आतल्या दाराआड उभी होती. शास्त्रीबुवा म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. डोंगराची एखादी रेघ, एखादे झाड?"

"नव्हते."

"आपले वय झाले. नजर अंधुक असेल. तुम्हांला दिसला नाही म्हणजे किनारा नव्हताच असे होत नाही." ते तिला वाट करून देत होते, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळले.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही. लांबचे मात्र चांगले दिसते. टेकडीवरचे निशाण मी अंगणातून पाहते."

भाऊसाहेब अस्वस्थ होऊन म्हणाले, "वहिनी, ‘दिसत होता’ एवढेच म्हणा. कोण विचारायला जाणार आहे समुद्राला?"

मग ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही सांगितले तर मी उपास करीन, पुन्हा वपन करीन. पण दिसत होता असे मी कशी म्हणू? नव्हता दिसत. मी चहूकडे पाहिले होते."

मलाही विचारले. मी आडवा पडलो होतो. मी किनारा पाहिला नव्हता आणि किनारा नसणेही पाहिले नव्हते. मी पाहिले होते ते डोके, आणि ते सांगण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, "मला उलट्या होत होत्या." ओसरीवर कोणीतरी हसले.

श्रावणात बापूमामा एका लग्नासाठी इंदुरास आले, तेव्हा मुद्दाम देवासला येऊन गेले. त्यांनी शपथेवर सांगितले की एवढ्याशा नौकेत कोणी शहाणा माणूस मुलूख नजरेआड होऊ देत नाही. डोंगराची पुसट रेघ डाव्या हाताला सारा वेळ होती, पाहणाऱ्याला दिसत होती. शास्त्रीबुवांना बरे वाटले. भाऊसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मामा दाराजवळ जाऊन म्हणाले, "गोदाताई, होती हो रेघ. धुरकट होती इतकेच. हो म्हणा." तेव्हा तिने मामांना विचारले, "तुम्ही पाहिली असेल, बापू. मी पाहिली असे कशी म्हणू?"

मला पुष्कळ वर्षे वाटत असे की हा हट्ट होता. आता वाटत नाही. मला वाटते, तिच्या सबंध आयुष्यात तिच्यावर कोणाची नजर नाही अशी ती एकच दुपार होती. त्या दुपारीही किनारा होताच, असे म्हणणे म्हणजे ती दुपार त्यांच्या हवाली करणे झाले असते. अर्थात हा माझा तर्क. ती असे बोलली नाही. तिला असे बोलणे येत नव्हते.

त्या वर्षी नवरात्रात नैवेद्याला उज्जैनहून आचारी बोलावला. आत्या पहाटे नेहमीप्रमाणे उठली, विहिरीवर गेली, ओलेत्याने परत आली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. आतून आचाऱ्याचा आवाज आला, "बाई, जरा हटके." ती हटली. परसात जाऊन उन्हात उभी राहिली, वस्त्र अंगावर वाळेपर्यंत. तिला कोणी टाकून बोलले नाही; जेवणाचे पान वेगळे वाढले जाई एवढेच. दिवाळीनंतर वडील तिला धारला घेऊन आले. आमच्या घरी कसलाच निर्बंध नव्हता. आई म्हणाली, "वन्सं, चूल तुमचीच." पण आमच्या घरी नवरात्र नव्हते. दोघा-तिघांचा वरणभात करायला अशी किती वेळ चूल लागते? ती लवकर उठे आणि हात मांडीवर ठेवून बसून राही. पुढे एका हिवाळ्यात, फारसा त्रास न देता, गेली. नर्मदेवर अस्थी मीच नेल्या. खलघाटाला पाणी संथ होते, पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता, आणि मला तेथे फार वेळ उभे राहवले नाही.

आता अलीकडचे सांगतो. गेल्या महिन्यात श्रीधर विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत आला. तापातून उठलेला तोच मुलगा. आठवडेच्या आठवडे आगबोटीत काढून आला. भाऊसाहेबांच्या घरी मोठी पंगत झाली. दोन्ही पातींचे मानकरी होते. शास्त्रीबुवा आता नाहीत. त्यांचे चिरंजीव पहिल्या पानावर होते आणि सुएझच्या कालव्याविषयी कौतुकाने प्रश्न विचारीत होते. श्रीधरने देवीला नमस्कार केला, स्वतःच्या हाताने नैवेद्य दाखविला. किनाऱ्याची गोष्ट कोणी काढली नाही. मी जिलबी खाल्ली. घशाखाली उतरताना तिला कोणतीच चव नव्हती.

पंगत उठल्यावर भाऊसाहेबांनी मला आतल्या खोलीत बोलाविले. ते आता अंथरुणालाच खिळलेले आहेत. डोळे गेले आहेत. बाहेर हसण्याचा आवाज चालला होता. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"मास्तर, तू होतास ना त्या होडीत?"

"होतो."

"वहिनी खरे सांगत होत्या ना रे? नव्हता ना दिसत किनारा?" त्यांनी मला आणखी जवळ ओढले. "बापू म्हणाले ‘होता’. त्या म्हणाल्या ‘नव्हता’. मी त्यांच्या शब्दावर चाललो. नव्हता, असे तू एकदा म्हण. म्हणजे मी केले ते शास्त्राने केले, एवढे तरी मला घेऊन जाता येईल."

मी म्हणालो, "उद्या येतो, सांगतो." तो उद्या होऊन बरेच दिवस झाले. दर दोन दिवसांनी त्यांचा माणूस येऊन विचारतो, "मास्टरसाब, मालिक याद कर रहे हैं." वारा फिरल्यापासून त्यांना दम लागतो म्हणे, फार दिवस नाहीत.

‘नव्हता’ म्हणावे, तर आत्याचा शब्द राखला जातो, आणि ज्यांनी तिला चुलीपासून उठविले ते निवांतपणे डोळे मिटतात. ‘होता’ म्हणावे, तर तिच्यावर अन्याय झाला हे अखेर एका माणसाला तरी कळते, पण मग त्या दुपारी तिने जे पाहिले ते मीच तिच्याकडून काढून घेतो. आणि मला स्वतःला तर काहीच ठाऊक नाही. मी पाहिला तो फक्त वाऱ्यात उघडा पडलेला एक माथा, आणि तो न झाकणारे दोन हात.

उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. वाचक, तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना काय सांगितले असते?